गच्चीवरची राखण

सोलापूर, १८ एप्रिल

प्रिय एस्तेर मावशी,

सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? माढ्यात ऊन कमी असेल, असं लिहिणार होते, पण सध्या मी खरं बोलायचा सराव करते आहे. (फोनच केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.)

चर्चमधल्या स्त्रियांच्या सभेत 'आळस आणि मोह' यावर बोलायचं माझ्याकडे आलं. मी दावीद राजा निवडला. बाकीचे लढाईवर गेलेले, हा मात्र दुपारची झोप काढून गच्चीवर फिरत राहिला. तिथून दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली आणि पुढचं सगळं घडलं. मुद्दे काढायला मीही गच्चीवर गेले. (इथेच सावध व्हायला हवं होतं.) शेजारच्या रत्नम्मांनी सुनेकडून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालून घेतल्या होत्या. "बसलाच आहात तर चिमण्या हाकला की ओ," म्हणून त्या खाली गेल्या. पहिल्या मुद्द्याला मी एक पापडी उचलली, तुटकी होती म्हणून. कडेने कुरकुरीत, मध्ये चिवट. दुसऱ्या मुद्द्यापासून अख्ख्या उचलल्या. 'हात रिकामा की मन घसरतं' असं मी लिहीत होते, मावशी, आणि माझा डावा हात रिकामाच होता. संध्याकाळपर्यंत चादरीचा एक कोपरा उघडा पडला.

बोल लागला तो त्यांच्या सुनेला, श्रावणीला. "चिमण्या एवढं खातात व्हय? हिनंच कमी घातल्या." नवी पोर, डोळे भरून उभी. मला बथशेबाचा नवरा उरीया आठवला; पाप राजाचं, लढाईत जीव गेला त्याचा. तरी कबूल करायची हिंमत होईना, म्हणून नुसती तिची बाजू घेतली, "तिला बोलू नका हो, मीठ किती बरोबर पडलंय तिच्या हातचं!"

रत्नम्मांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "चिमण्यांनी सांगितलं का ओ तुम्हाला?"

मग सगळं सांगून टाकलं. श्रावणी हसली, रडली, पुन्हा हसली. सभेतही मुद्दे बाजूला ठेवून हेच सांगितलं. बायका आधी पोट धरून हसल्या आणि मग एकेक जण आपापलं सांगू लागली. दाविदालाही देवाने टाकून दिलं नव्हतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

तुझी,
करुणा

ता.क. आज नव्या पापड्या घातल्यात आणि राखणीला रत्नम्मांनी पुन्हा मलाच बसवलंय. पत्र लांबलं ते त्यामुळे. उजव्या हातात पेन, डाव्याने कागद दाबून धरलाय.

आणखी एक. लगेच उत्तर पाठव आणि भरपूर प्रश्न विचार. अजून कुरडया आणि सांडगे व्हायचे आहेत, आणि राखण माझीच.

कोपऱ्यावरचा चिकट ठसा पापडीचाच आहे. पण या वेळी मागून घेतली. (पहिली तरी.)