कोळशाने काढलेली माय

माय,

काल तुझा चेहरा काढायला बसले आणि नाकाच्या खाली येऊन अडले. चाळिशी उलटल्यावर मला व्यंगचित्रं काढायचा नाद लागलाय, हे तुला ठाऊक नाही. ब्रशपेन म्हणून एक वस्तू मिळते. पेनासारखी धरायची, पण टोकाला कुंचला. दाबलं की रेघ जाड, उचललं की केसाएवढी बारीक. खोडायची सोय नाही, हात थरथरला की कागद लगेच चुगली करतो. मोबाईलवर एक मास्तर शिकवतात. सकाळी डबे भरून झाले की मी जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर अर्धा तास गिरवते. मोहाडीच्या आमच्या कचेरीतली सगळी माणसं काढून झाली, साहेबांच्या मिशांपासून शिपायाच्या कानांपर्यंत. दुसऱ्याचं नाक पाहून सगळे पोट धरून हसतात आणि आपलं पान आलं की चष्मा पुसायला घेतात. मास्तरांचं म्हणणं एकच, चेहऱ्यातली एक गोष्ट धरा, ती मोठी करा, माणूस आपोआप सापडतो. या आठवड्याचा गृहपाठ आहे घरचं माणूस.

तुझी ती गोष्ट मी अकराव्या वर्षीच धरली होती, कोणी न शिकवता. रोवण्याचे दिवस आहेत. तू बायांबरोबर बांधीत, भाताच्या खाचरात, वाकून धान रोवते आहेस आणि तुझं हसणं तिसऱ्या बांधीपर्यंत ऐकू येतंय. मान मागे टाकून, तोंड भरून हसायचीस तू. बाया म्हणायच्या, हिच्या हसण्यानं बगळे उडतात. त्या सकाळी माझ्या हातून बकरी सुटली आणि थेट पऱ्ह्यात, रोवायला तयार झालेल्या कोवळ्या रोपांत शिरली. तू सगळ्यांसमोर माझा कान पिळलास. "एवढी मोठी घोडी झाली, एक बकरी सांभाळता येत नाही काय तुले?" मी रडत घरी आले, चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि पांढऱ्या मातीनं नुकत्याच पोतलेल्या भिंतीवर तुला काढलं. पसरलेलं तोंड आणि त्यात फावड्यासारखे दात.

संध्याकाळी बाया तुझ्यासोबत चहाला आल्या. "अवो, हे त तूच होस!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "मले त वाटलं, पोरीनं गणपती काढला!" हसून हसून त्या खाली बसल्या. तूही हसलीस. बाबा ओलं फडकं घेऊन उठले, तर तू त्यांना अडवलंस. "राहू द्या जी, कायले पुसता? माह्या पोरीचा हात पाहा कसा चालते." पुढच्याच तुमसरच्या बाजारातून तू माझ्यासाठी रंगपेटी आणि चित्रकलेची वही आणलीस. मी हुरळून गेले. गावात कोणी भेटलं की तू मला पुढे करायचीस, माही पोरगी हुबेहूब माणूस काढते म्हणून. आणि त्याच दिवसांत कधीतरी हसताना तुझा पदर तोंडाशी जायला लागला. मला आधी वाटलं चुलीचा धूर असेल, मग वाटलं दाढ दुखत असेल. मग ती तुझी सवयच झाली आणि सवयीकडे कोण बघतं?

माझ्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "काकू, पदर बाजूला घ्या नं थोडासा, मस्त हासून राहिल्या तुम्ही." तू म्हणालीस, "राहू दे बापू, माहे दात लय मोठे आहेत." सहज म्हणालीस, माझ्याकडे न बघता. मी तुझ्या शेजारीच मुंडावळ्या बांधून उभी होते. मला तेव्हा सगळं कळलं, पण हार सारखा करायचं निमित्त काढून मी मान खाली घातली. तू कायमची गेल्यावर सगळे फोटो शोधले. एकात पदर आहे, एकात हात आहे, एकात ओठ घट्ट मिटलेले. उघड्या तोंडानं हसणारी तू एकाही फोटोत नाहीस. मला तर फक्त भिंतीवरचेच दात आठवतात.

म्हणून काल भावाला फोन केला. "मायचे दात केवढे होते रे?"

"केवढे म्हणजे?"

"मोठे होते नं?"

"कोण म्हणते? थोडेसे पुढे होते, हासली की दिसत. मोठे कायचे? साधेच त होते. काहून वो, काय झालं?"

काही नाही म्हणून मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. गावभर तू माझ्या हाताचं कौतुक केलंस, पण त्या दिवशी तो हात नव्हता चालत, माय, राग चालत होता. कान दुखत होता आणि तुला कुरूप करायचं होतं. आधी एवढेसेच काढले होते दात. पाहिलं, तू छान दिसत होतीस, म्हणून पुन्हा कोळसा फिरवून मोठे केले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. पण आरसा तर घरात होता, चांगला दाराशेजारी टांगलेला, आणि तू त्याचं ऐकलं नाहीस, माझं ऐकलंस.