जिता हात

सोलापूर, महारोग्यांचा दवाखाना
सन १९३१

होटगीच्या आत्यास मायाक्काचा लांबूनच नमस्कार. माझा हात पायाला लागलेला तुला आता चालायचा न्हाय.

माझ्या बोटांना पेन्सिल धरवत न्हाय, म्हणून शेजारच्या खाटेवरची बिबीजान लिहितीय.

काल माझा दादा आलता. म्हणाला, तू नव्या सुनेला रोज ऐकवतीस, "मायाक्का चुलीवरचं भगुलं फडक्याबिगर उतरवायची, कधी हाय म्हणाली न्हाय."

व्हय, उतरवायची. माझे फोड तू चार बायकांना कौतुकानं दाखवायचीस, भावाची लेक किती सोशीक निघाली म्हणून. मला भाजलेलं कळतच न्हाय, असं मी सांगितलं, तर तू हसलीस.

हितल्या डाक्टरानं माझ्या कोपरामागची नस चाचपली. ती दोरीगत जाड झालीय. बोटाला भाजलं, टोचलं, हे आपल्याला कळतं ते तिच्यामुळंच, अन् तीच रोगानं मेलीय. "लवकर आणलं असतं तर बोटं वाचली असती," म्हणाला. पण तू महारोगाचं नाव ऐकलंस अन् त्याच दिवशी मला घराबाहेर काढलंस. मागनं ते भगुलंबी उकिरड्यावर टाकलंस की!

हे पत्र मी धाडणार न्हाय. माझ्याकडनं आलं म्हणून न वाचताच चुलीत घालशील.

पण नवी पोर भगुलं धरून ओरडली, तर तिला माझं नाव सांगू नगं. ओरडू दे तिला. तिचा हात अजून जिता हाय.

तुझी सोशीक सून,
मायाक्का