काही दुखत नाही म्हणून

३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे भरघोस आशीर्वाद, आणि सोबत एक चापटही.

वहिनीचं पत्र आलं. तुझं बीपी एकशे ऐंशीवर गेलं आणि मला पत्ता नाही! दाढ्या करता करता जगाच्या बातम्या ऐकतोस, घरची एक कळवता येत नाही? अरे, माझंही वाढलंय. आमच्या वाचनालयात तपासणी होती, गंमत म्हणून हात पुढे केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच घात करतं. आणि घराण्यात चालत येतं. आई भाजी चिरता चिरता गेली तेव्हा आपण सगळ्यांना 'अचानक' असं सांगितलं. आता मला त्या शब्दाचीच शंका येते. मीठ कमी कर, तंबाखू सोड, गोळी चुकवू नकोस.

तुझ्या काळजीचा मक्ता घेतलेली,
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. चापट पोचली, गाल अजून लाल आहे.

बायकोने चहाडी केलीच तर! गोळ्या महिनाभर इमानेइतबारे घेतल्या. परवा मोजलं तर बीपी शहाण्या मुलासारखं जागेवर. म्हणून बंद केल्या. ताप उतरल्यावर कुणी तापाची गोळी खातं का? शिवाय ती गोळी लघवीची. गिऱ्हाईक तोंडाला साबण फासून बसलेलं आणि मी मोरीत! हेडमास्तर इतके ताटकळले की साबण वाळला. मग टॉवेलने पुसून समोरच्या दुकानात गेले. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. रेड्यासारखा ठणठणीत आहे. तंबाखू मात्र निम्म्यावर आणली, तेवढं तरी कौतुक कर.

उपदेश कर, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा,
धाकटा

२७ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, आणि मग तेच पुन्हा एकदा वाचलं. बीपी जागेवर आलं ते गोळीमुळेच रे! गोळी सोडलीस की पुन्हा चढणार, आणि चढताना दार वाजवून येणार नाही. सोसत नसेल तर डॉक्टरांना तसं सांग. मला पहिल्या गोळीने कोरडा खोकला लागला, त्यांनी बदलून दिली. यात लाज कसली? उद्याच जा. दुकान एक सकाळ बंद राहिलं तर कुणाच्या मिशा जमिनीला टेकणार नाहीत.

रागावली तरी तुझीच,
ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

फोनवर रडूच आवरेना, नीट सांगता आलं नाही. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ताजं आहे, धावत येऊ नका.

तुमच्या पत्रानंतर हे 'सोमवारी जातो' म्हणाले. मग दर सोमवार पुढच्या सोमवारवर गेला. त्या दिवशी सकाळी दुकानात गिऱ्हाईकाची दाढी करताना वस्तरा हातातून गळला. उचलायला वाकले आणि तिथेच बसले. तोंड एका बाजूला ओढलं होतं. लोक म्हणाले चक्कर आली, साखरपाणी द्या, पडू द्या जरा. मला बोलावेपर्यंत दुपार उलटली. डॉक्टर म्हणाले, तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली की तडक आणायचं. वेळेवर आणलं असतं तर आशा होती.

उजवी बाजू गेली. कळतं सगळं, बोलता मात्र येत नाही. एकच शब्द उरलाय, 'पुढचा'. दुकानात दिवसभर हाक मारायचे तोच. पाणी हवं, पुढचा. उशी नको, पुढचा. राग आला तरी पुढचा. आणि स्वतःच्या तोंडून तो ऐकून डोळे भरतात.

आमच्यावर मायेची नजर असू द्या.
तुमची,
वहिनी

११ ऑक्टोबर

ती. ताईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तुम्ही एका अक्षरानेही रागावला नाहीत, तेच ह्यांना जास्त लागलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज येतात. पाय थोडा उचलतो. हाताबद्दल त्या काही बोलत नाहीत. दुकानावर दुसऱ्याची पाटी लागली.

तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? मीही मोजून घेतलं. माझं ठीक आहे.

ह्यांची दाढी फार वाढली होती. दुकान घेतलेला कारागीर आपणहून आला, तर ह्यांनी त्याला हात लावू दिला नाही. मग काल मीच वस्तरा घेतला. जन्मात कधी धरला नव्हता. हनुवटीला कापलं, रक्त आलं, मी रडायलाच लागले. तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, पातं जरा आडवं केलं आणि हळूच खाली ओढत नेलं. एक गाल तसा झाला. मग ह्यांचा हात दमला. दुसरा मी एकटीने केला.

तुमची,
वहिनी