तीन आंब्यांना फक्त पाच

अल नहदा, शारजा
३ मार्च २००९

तीर्थरूप नानाकाकांना सुजीतचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि देवगडच्या बागेतला मोहोर, दोन्हींची काळजी वाटते (काकू म्हणते, तुम्हाला फक्त मोहोराचीच वाटते). आम्ही तिघंही ठणठणीत आहोत.

'मुकाट्याने परत ये' असं तुम्ही लिहिलंत. नाही येणार! चौदा वर्षं काँक्रीट तपासणाऱ्या माणसाला कंपनीने एका सकाळी घरी बसवलं, व्हिसा रद्द केला आणि देश सोडायला तीस दिवस दिले, म्हणून काय शेपूट घालून पळायचं? या मंदीत निम्मं अल नहदा पळालं. मी पळणार नाही.

शिवाय मला नोकरी मिळत होती. आमच्या खालच्या मजल्यावरचा वसईचा व्हर्नन एका आयटी कंपनीत मॅनेजर आहे. त्यांच्या युरोपातल्या गिऱ्हाइकाला इंटरनेटवरचे स्लॉट गेम विकत घ्यायचे होते (बटण दाबलं की फळांची चित्रं गरगर फिरतात, तीन सारखी आली की जिंकलो. जुगारच तो, पण तिकडचा. इथे बंदी आहे, म्हणून आम्ही पैसे न लावता नुसते तपासतो. तरी आईला सांगू नका). हे गेम बनवणारी कंपनी कशी आहे, गेम कसे आहेत, याचा अहवाल मी लिहायचा. तो पसंत पडला की मला नोकरी आणि नवा व्हिसा. सहा दिवसांत मी दहा हजार वेळा बटण दाबलं. अंगठा सुजला. कंपनी प्रामाणिक निघाली. आकडे सांगितल्याबरहुकूम, चित्रं सुबक, आवाज सुसह्य. 'पास' लिहिणार, एवढ्यात गुणांचा तक्ता पाहिला. तीन चेरींना शंभर, तीन कलिंगडांना पन्नास आणि तीन आंब्यांना पाच. लिंबाच्याही खाली! माझं डोकंच फिरलं. मी 'नापास' लिहिलं आणि कारण म्हणून हापूसवर दीड पान.

वरद म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अ फ्रूट." दर मे महिन्यात तुमच्या पडवीत बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाणारा हा मुलगा! अनुराधाने माळ्यावरच्या बॅगा काढून पुसल्या.

व्हर्नन धावत वर आला. "अरे सुजीत, ते दीड पान काढ ना यार! गेम पास, तू पास, खलास! आमच्या वसईची केळी तर त्या गेममध्ये आहेतच कुठे? मी रडतो काय?" मी म्हटलं, रडायलाच हवं होतंस. दुसऱ्या दिवशी त्याच्या साहेबाने काम दुसऱ्याला दिलं. देऊ दे. चौदा वर्षांत मनाविरुद्ध एका अहवालावर सही केली नाही, मंदीत तर मुळीच करणार नाही.

काकूला नमस्कार.

तुमचा, अजिबात न वाकलेला,
सुजीत

ता. क. नव्या माणसाने गेम पास केला. पण पाठवण्याआधी व्हर्ननने त्यात 'केळी का नाहीत?' अशी एक ओळ घुसडली. साहेबाने त्यालाही झापलं. आता आम्ही दोघं रोज खाली एकत्र चहा पितो.

आणखी एक. वरदची परीक्षा बाराला संपते, तिकिटं चौदाची आहेत. पेट्या भरताना आंबे निवडायला तुम्हाला माणूस हवाय, असं काकू फोनवर म्हणाली होती. दुसरा कोणी ठेवू नका. शेडमागची खोलीही झाडून ठेवा, तिघांपुरती. मी परत येत नाहीये, हे मात्र गावात सगळ्यांना ठणकावून सांगा.