शाहूपुरीतलं दुकान आणि खिडकीखालचं स्टूल

॥ श्री वीतरागाय नमः ॥

मी, अंजना आप्पासो मगदूम, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा विजेच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळणं, राहणार कळंबा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकावरून नव्हे, तर स्वखुशीने लिहून ठेवते. खरं तर भलत्याच आनंदात लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला देणाऱ्या डॉ. संयोगिता घाटगे यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग महिनाभरात जाणार हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली.

कलम १. कळंब्याचं दोन खोल्यांचं घर माझा मुलगा ऋषभ याला. माझ्या पाटल्या सून रोहिणी हिला. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी.

कलम २. शेजारचे पंपवाले सयाजीराव १९९१ साली भर दुकानात म्हणाले होते, "बाईनं वाइंडिंग केल्यालं हाय व्हय? मग चालतीया दोन दिस." ती मोटार नेसरीला त्यांच्याच मेहुण्यांच्या विहिरीवर अजून चालते. सयाजीरावांना मी नेसरीचं एसटीचं जाऊन-येऊन भाडं ठेवते. त्यांनी विहिरीवर जाऊन आवाज ऐकून यावं.

कलम ३. हे नीट वाचावं, कारण घरात भांडण याच्यावरूनच आहे. शाहूपुरीतलं 'मगदूम मोटार रिवाइंडिंग' हे दुकान माझ्या एकटीच्या मालकीचं आहे. नात ऐश्वर्या यंदा बारावी झाली आणि जेवताना म्हणाली, "आज्जी, मी आयटीआयला जाणार. इलेक्ट्रिशियनला. मग तुझ्या दुकानात बसणार." ऋषभनं ताट बाजूला सारलं.

"आई, हे तूच भरवलंयस तिच्या डोक्यात! धा वर्षांत असली सगळी कामं मशीन करणार हाय. दुकान विकू, तिला कॉम्प्युटर इंजिनियर करू. एसीत बसंल की पोरगी!"

त्याचं खोटं असेल असं मला वाटलं नाही. खरं असेल असंही वाटलं नाही. मग जाऊन बघावं म्हणून मी वही घेतली आणि महिनाभर आमचे प्लंबर कृष्णात चौगले यांच्या स्कूटरवर मागं बसून सगळं कोल्हापूर पालथं घातलं. प्रत्येक कामाला शंभरपैकी गुण दिले. जितके गुण जास्त, तितकी ते काम मशीनच्या घशात जाण्याची भीती जास्त. इतकी मजा मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

शिरोलीला यंत्राचा एक हात दिवसभर एकच ब्रॅकेट वेल्डिंग करत होता, तेही इतकं सुबक की मी बघतच राहिले. त्या कामाला सत्तर. त्याच दुपारी परतीच्या वाटेवर एक वेल्डर चिखलात पाठीवर झोपून उसाच्या ट्रॉलीचा मोडलेला सांगाडा जोडत होता. त्याला वीस. फाउंड्रीत वाळूचे साचे मशीन पाडतं, पण माल आतून पोकळ निघाला का हे एक म्हातारा अजून टिचकी मारून सांगतो. लेथच्या कामात एकच माणूस चार मशीन सांभाळतो, म्हणजे तिघं घरी बसले. पण त्या मशीनला काम शिकवणाऱ्या पोरीला मालक स्वतः चहा आणून देतो हेही मी पाहिलं! लिफ्ट दुरुस्तीला पंधरा, आणि त्या कामाला माणसंच मिळत नाहीत. सगळ्यांत कमी कृष्णातना, दहा. शाहूपुरीतल्या जुन्या भिंतींत कुठला पाइप कुठं जातो हे घरमालकालाही ठाऊक नसतं. "धा तरी कशाला, आक्का?" म्हणून ते दोन दिवस रुसले होते.

मग आमचं काम. एका कारखान्यात नव्या मोटारींची कॉइलं गुंडाळणारं मशीन बघितलं. मी चष्मा पुसेपर्यंत त्यानं अख्खं कॉइल गुंडाळून बाजूला टाकलं. मी तिथंच टाळ्या वाजवल्या. त्या कामाला पंच्याऐंशी दिले, आणि देताना वाईट वाटलं नाही. पण जळालेली मोटार वेगळी. ती गाळानं भरलेली असते, चार गावांत चौघांनी उघडलेली असते, कंपनीची माहितीची पट्टी केव्हाच गळून पडलेली असते. एकीसारखी दुसरी नसते. त्या कामाला पंधरा.

सबब, हे दुकान, हत्यारं आणि माझ्या सगळ्या वह्या ऐश्वर्याला. अट एकच, आयटीआयची दोन वर्षं पुरी करावीत. कॉइल गुंडाळायचं छोटं मशीन तिनं खुशाल आणावं. मशीनशी भांडू नये, त्याला कामाला लावावं. तोवर दुकान मी बघेन, मला कुठं जायची घाई नाही.

कलम ४. वहीचं शेवटचं पान मी आजवर कोणाला दाखवलेलं नाही. ऋषभ गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत ड्रॉइंग पाहून दराचे अंदाज तयार करतो. डबा द्यायच्या निमित्तानं मी तिथंही गेले. त्यानं हौसेनं कॉम्प्युटर दाखवला. "आई, नवीन आलंय बघ. माझं चार दिवसांचं काम च्या येईपर्यंत करतंय!" लहानपणी पतंग दाखवायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. मी "लई भारी" म्हणाले आणि बाहेर येऊन वहीत नव्वद लिहिले. महिनाभरात तेवढ्या एकाच आकड्याचं पान मी दुमडून ठेवलं.

म्हणून दुकानातलं खिडकीखालचं लाकडी स्टूल मी ऋषभच्या नावे करते. ते विकू नये, हलवू नये, त्यावर गिऱ्हाइकाची पिशवीसुद्धा ठेवू नये. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी हट्टानं कामाला हात घातला आणि पहिल्याच मोटारीचं जळकं कॉइल तारेचे वेढे न मोजता कापून भंगारात दिलं. वेढे किती होते हे कळल्याशिवाय मोटार पुन्हा बांधता येत नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. माझे यजमान आप्पासो एका शब्दानं रागावले नाहीत. भंगारवाल्याकडून तो काळा गुंता परत आणला, माझ्यापुढं ठेवला आणि हे स्टूल सरकवलं. "बस. मोज." दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून मी भराभर मोजलं, तरी बरोबर आलं.

ऋषभ, तू दुकान न मोजताच कापायला निघाला होतास. ही चूक तुझ्यात माझ्याकडूनच आली आहे, त्यामुळं माझा राग नाही.

स्टूल कायम रिकामं राहिलं तर माझ्याएवढं सुखी कोणी नसेल. पण एखाद्या दिवशी ऋषभ ऑफिसातून भर दुपारी भरला डबा तसाच घेऊन घरी आला, तर ऐश्वर्यानं त्याला दुकानात घेऊन जावं. "आज्जी म्हणालीच होती" असं कोणी म्हणायचं नाही. एक जळकी मोटार त्याच्यापुढं उघडून ठेवावी, स्टूल सरकवावं आणि एवढंच म्हणावं, "बसा पप्पा. मोजा."

येणेप्रमाणे लिहिले ते वाचून पाहिले, बरोबर आहे.

ठिकाण : शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक : २० जुलै २०२५

(सही) अंजना आप्पासो मगदूम

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) डॉ. संयोगिता घाटगे
२. (सही) कृष्णात बाबूराव चौगले, प्लंबर, गुण दहा