सात नंबरचं झाड

मंगळवार, ता. १४
चौकीवरून, दुपारी

ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन एकवीस दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि रोज भलतंच काहीतरी करत सुटतो. काल तर कागद काढला आणि त्यानेच बुटाचा चिखल पुसला. आई बरी असेल. तुझा गुडघा थंडीत ठणकतो का? माझी तब्येत उत्तम आहे, निर्लज्ज माणसाची असते तशी.

तू पत्रात एकच ओळ लिहिली होतीस, 'सात नंबरचं झाड परत उभं राहिलं का?' त्याकडे येतो. आधी इथली खबर.

छप्पर अजून गळतं. तुझ्या वह्यांची फळी मी कोरड्या भिंतीला हलवली आहे, तेवढं एक काम चांगलं केलं. मोठे सर महिन्यातून एकदा येतात, वानरांच्या रोजच्या नोंदींचे तक्ते उचलतात आणि "सातत्य आहे हो तुझ्यात" म्हणतात. मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. वनरक्षककाका तसेच, अर्धं बोलणार, अर्धं गिळणार. पलीकडच्या उतारावर रस्त्याचं काम निघालंय. तिथल्या एका ट्रकवाल्याशी माझी गट्टी जमली. त्याच्या हॉर्नला तीन सूर आहेत, आणि तिसरा वाजला की आपली सगळी वानरं एकदम गप्प होतात. हे मी तक्त्यात लिहिलं नाही. तिथे त्यासाठी रकानाच नाही.

मी विषय टाळतोय हे तुला कळलं असेल. लहानपणीही तुला आधीच कळायचं आणि तू नुसती बघत बसायचीस.

तर ऐक. या ट्रकवाल्याबरोबर मी समुद्र बघायला गेलो होतो. दोन दिवसांत परत येऊ म्हणाला, नऊ लागले. समुद्र मोठा आहे. बाकी काही नाही. परत आलो तर नऊ दिवसांचे तक्ते कोरे. मग मी तुझी एक जुनी वही काढली आणि त्यातल्या नोंदी उतरवल्या. तारखा तेवढ्या बदलल्या. 'कानतुटी वानरी सात नंबरवर, कोवळा पाला खाते आहे.' सात नंबर गेल्या वादळात मुळासकट पडलं हे मीच तुला कळवलं होतं. लिहिताना आठवलंच नाही. सरांच्याही लक्षात आलं नाही. तू घरी बसून तक्त्यांच्या स्वच्छ प्रती काढतेस, म्हणून तुझ्या आलं.

तुला वाटत असेल एवढंच आहे. एवढंच नाही.

आल्यावर टोळी गाठली, तर एकतीसऐवजी तीसच भरली. कानतुटी नव्हती. नियम तूच पहिल्या दिवशी माझ्याकडून घोकून घेतला होतास. डोळ्यांनी दिसली तर खूण, नाही दिसली तर शून्य. आणि सलग तीन शून्यं आली की सगळ्यांनी मिळून दरी पालथी घालायची, फासे शोधायचे. पण शून्य घातलं असतं तर सरांनी विचारलं असतं, काल कुठे होती, परवा काय करत होती. मला काय माहीत? म्हणून खूण केली. आज नाही तर उद्या दिसेल म्हणून दुसऱ्या दिवशीही केली. मग सवयच लागली. त्यापुढचे सहा आठवडे ती माझ्या तक्त्यात पाला खात होती, उन्हात बसत होती, नातवंडांच्या उवा काढत होती.

गेल्या शुक्रवारी काकांना ती सापडली. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फाशात. हाडं, थोडी कातडी आणि तो कान. शेजारच्या झाडाची साल तार पुरेल तिथपर्यंत कुरतडलेली होती. काका म्हणाले, अडकल्यावर चार-पाच दिवस तरी जिवंत असणार. कुठल्या दिवशी अडकली ते आता कुणालाच कळणार नाही, कारण ते लिहून ठेवायचं काम माझं होतं.

काकांनी मला खाली बसवलं आणि पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "बुधवारी मोठे सर येतायत. तू सांगतोस की मी सांगू?"

सांगितलं तर माझे चौदा महिन्यांचे सगळे तक्ते बाद. खरे कुठले, खोटे कुठले, कोण निवडणार? तुझ्या अकरा वर्षांच्या नोंदींना हे शेपूट लागलं ते लागलं.

आणि आता सांगतोच आहे तर हेही ऐक. मला तिचा राग यायचा. तिच्या मागे धावताना तू कड्यावरून घसरलीस, गुडघा गमावलास, नोकरी गमावलीस, आणि तरी घरी तिच्याच गोष्टी. तिच्या सहाही पिल्लांच्या जन्मतारखा तुला पाठ. माझी शाळा कुठल्या वर्षी सुटली हे स्वतःला विचारून बघ. मग कुठेच टिकत नाही म्हणून मला तुझ्या जागेवर आणून चिकटवलंस. जागा तुझी, वही तुझी, माकडीणही तुझी. मी नुसता खुणा करणारा हात.

हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

बॅग भरून ठेवली आहे. ट्रक चारला वळणावर थांबतो. हे पत्र टेबलावर ठेवायचं आणि निघायचं, असं सकाळी ठरवलं. बुधवारचं काका बघतील.

थांब, बाहेर कुणीतरी आलंय.

ताई, तू आहेस. खालच्या पायवाटेवर. एका हातात काठी, काका तुझी पिशवी घेऊन मागे. या गुडघ्याने तू एवढा चढ कसा चढलीस? काकांनी तुला काही सांगितलेलं दिसत नाही, कारण तू मध्येच थांबली आहेस आणि मान वर करून झाडांकडे बघते आहेस. बोट हलतंय तुझं. मोजते आहेस. तीसवर थांबलीस. आता परत पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा मोजायच्या आत मी खाली येतो. बॅग खाटेखाली ढकलली आहे. हे पत्र तुझ्या हातातच देईन, कारण तोंडाने मला यातलं एक वाक्यही जमणार नाही.

आजच्या तक्त्यात कानतुटीपुढे शून्य घातलं आहे. माझ्या नावापुढची खूण तू कर, मला बघून.

तुझा धाकटा