अर्ध्यावर सोडलेला बर्फ

बाबा, तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षं तुम्हाला लिहायचं मी टाळत आलो. दोनदा वही हरवली, एकदा कोणाला तरी फोन नंबर द्यायला तेच पान फाडलं. आज बसलोय मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहानशा बंदरात, बोटीच्या केबिनमध्ये. हातमोजे काढले की बोटं वळत नाहीत, घातले की पेन धरता येत नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. मराठी तर माझं नागपूरच्या चौथीपर्यंतचंच.

तुम्ही विचाराल, बोटीत काय करतोस. मी ॲन आर्बरचं कॉलेज सोडलं हे तुम्हाला माहीतच नाही. मग देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर मिठाईची खोकी बांधली, कुठे कुठे घरं रंगवली, आणि आता एका म्हाताऱ्या मासेमाराच्या हाताखाली आहे. तो बोटीशी बोलतो, म्हणजे अगदी हवापाण्याच्या गप्पा... ते जाऊ दे. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि परवा वादळ आलं. समुद्रावरून सोसाट्याचा वारा, बर्फ आडवा, भरतीचं पाणी बंदराची भिंत ओलांडून थेट रस्त्यावर. कोणाच्या तरी अंगणातली खुर्ची बर्फाच्या लगद्यातून तरंगत चालली होती. अशा वेळी बोटी बांधल्या जागीच बुडतात. डेकवर बर्फाचं वजन साठतं, एक बाजू खाली जाते, पाणी आत शिरतं. ही लाकडी बोट म्हणजे म्हाताऱ्याचं पोट. त्याने घरून फोन केला. मधून सुरू कर म्हणाला, एक फावडं डावीकडचं, एक उजवीकडचं, म्हणजे तोल राहतो. आणि शेवटी म्हणाला, "अर्ध्यावर सोडणार असशील तर फावड्याला हातच लावू नकोस." फोन ठेवून मी फावडं उचललं.

हर्नडनच्या आपल्या घराचा ड्राइव्हवे आठवतो? पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवायला तुम्ही त्यावर बादलीभर कढत पाणी ओतलंत आणि सकाळी दारात आरसा झाला. आई आठवडाभर तुम्हाला विचारायची, साहेब, अंघोळीचं पाणी काढू का, इथे की बाहेर? पण मला सांगायचंय ते नंतरचं. मी बारा वर्षांचा. तुम्ही मला फावडं देता, ऑफिसची वेळ व्हायच्या आत गाडीपर्यंत वाट काढ म्हणता. मी दारापासून निम्म्यापर्यंत येतो, आणि तिथे कोल्ह्याची पावलं दिसतात, कुंपणापलीकडे गेलेली. मी त्यांच्या मागे. परत येतो तर तुम्ही पडलेले, बॅग एकीकडे, डबा एकीकडे, मनगट वाकडं झालेलं. दवाखान्यात मी पुटपुटलो की निम्मं तरी मी काढलंच होतं ना. तुम्ही ओरडला नाहीत. "तू काहीच केलं नसतंस तर मी सांभाळून चाललो असतो," एवढंच म्हणालात.

परवा दुपारी बोटीची धक्क्याकडची बाजू मी आधी काढली. ती सोपी होती म्हणून, आणि म्हाताऱ्याचं ऐकायचं विसरलो म्हणून. तेवढ्यात पाण्यातून एका सीलने डोकं वर काढलं, मिशा थेट आपल्या पोस्टमनसारख्या. बघत बसलो. किती वेळ कोण जाणे, मग दोरखंड करकरला. बोट समुद्राच्या बाजूला कलली होती. मी तिला हातच लावला नसता तर ती सरळ राहिली असती. रांगत पलीकडे गेलो, वाऱ्यात फावडं चालवलं, खांदे गेले तरी चालवलं. मग मधून, एक डावीकडचं, एक उजवीकडचं, दर तासाला. काल दुपारी बर्फ थांबला. शेजारच्या दोन बोटींच्या आता फक्त डोलकाठ्या पाण्याबाहेर आहेत. आमची सरळ उभी आहे. म्हातारा काठी टेकत रस्त्यापर्यंत आला. टोपी काढली, बघितलं, पुन्हा घातली आणि गेला.

माझा फोन भिजून परवापासून बंद आहे, आणि खरं सांगायचं तर चालू असतानाही मी आईला सणासुदीलाच करतो; या बंदराचं नाव तेवढं तिला ठाऊक आहे. हे पत्रही कुठे पाठवायचं नाहीच. फक्त एक कबुली राहिली. आज सकाळी मी धक्क्यावरची वाट साफ करायला घेतली, रस्त्याच्या टोकाकडून. निम्म्यावर आलो, तुम्ही आठवलात, आणि फावडं तिथेच रोवून मी इथे लिहायला येऊन बसलो.

थांबा. काचेतून कोणी तरी दिसतंय. रस्त्याशी आपली जुनी निळी गाडी उभी आहे. आई. बर्फात कधी गाडी न काढलेली आई, पायात साधे बूट, हातात डब्याची पिशवी. बुडालेल्या बोटींकडे बघत, मी साफ केलेल्या वाटेवरून ती भरभर, निर्धास्त चालत येते आहे.

फावडं तिच्यापेक्षा मला जवळ आहे. मी आधी पोचेन.